घरासाठी गोळी कुठली घ्यावी

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू पटकन घेता येत नाही. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्याने तीन महिने लावले, आणि तोवर मी डोशाचं पीठ शेजारच्या केरळी बाईंकडून वाटून आणत होते. गादी घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या प्रत्येक गादीवर हा पंधरा-पंधरा मिनिटं आडवा झाला आणि एकीवर चक्क घोरायला लागला. त्यामुळे गेल्या सप्टेंबरात त्याने पिस्तुलाच्या गोळ्या निवडायला घेतल्या तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही. म्हटलं, ह्याची गोळी ठरेपर्यंत लेक लग्नाची होईल.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हा सगळा उपद्व्याप सासूबाईंसाठी चालला होता, आणि सासूबाई आम्हाला सोडून कायमच्या पुण्याला निघाल्या होत्या. दिवाळीच्या आधीचं तिकीटसुद्धा काढून झालं होतं.

आधी काय घडलं ते सांगते, म्हणजे गोळ्यांचं डोक्यात नीट बसेल.

आम्ही ऑस्ट्रेलियात, केलीव्हिलला राहतो. नवरा आयटीत, मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत, लेक आठवीत. सासरे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, सासूबाई आमच्याकडेच आहेत. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. त्या पाच दिवसांत पुढचं दार दिवसभर उघडं ठेवायचं हा सासूबाईंचा नियम. ग्रुपवर मेसेजच तसा जातो, ‘दर्शनाला कधीही या, दार उघडंच आहे.’ आणि लोक खरंच कधीही येतात. आमच्या गल्लीतले येतात, नवऱ्याच्या ऑफिसातले येतात, आणि आदल्या वर्षी तर माझ्या लॅबमधले सात जण शिफ्ट संपवून तसेच आले होते. त्यात एक व्हिएतनामी, दोन लेबनीज, बाकी इथले गोरे. सासूबाईंनी सगळ्यांना बूट काढायला लावले, हात जोडायला लावले आणि पोटभर मोदक खायला घातले. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं की गणपतीच्या दिवसांत आपल्या दारात जो उभा राहील तो दर्शनालाच आलेला असणार, मग त्याचा चेहरा कुठल्याही देशाचा असो.

त्यामुळे ह्या वेळी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, साडेचारच्या सुमारास, नारिंगी जॅकेट घातलेला चाळिशीचा एक माणूस दारातून आत डोकावला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘कम, कम. शूज आउटसाइड.’

आणि त्याने बूट काढले. हे मला त्या माणसाचं आजही आवडतं.

तो आला, गणपतीसमोर उभा राहिला, सासूबाईंनी जोडून दाखवले तसे हात जोडले. सोफ्यावर बसला. दोन मोदक खाल्ले, दुसरा तुपासकट. सासूबाईंनी विचारलं, ‘यू फ्रॉम हॉस्पिटल?’ तो म्हणाला, ‘येस.’ सासूबाईंना वाटलं, एवढं मोठं हॉस्पिटल, असेल तिथला प्लंबर. मग त्या त्याच्या घरच्यांसाठी डब्यात करंज्या भरायला आत गेल्या. बाहेरून त्याचा आवाज आला, ‘थँक यू!’ डबा घेऊन त्या बाहेर येईपर्यंत माणूस गेला होता. दाराजवळच्या ताटलीतली गाडीची किल्ली गेली होती आणि ड्राइव्हवेतून गाडीही गेली होती. पण हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं घाईत असेल बिचारा, ब्रेक संपला असेल. डबा ओट्यावर तसाच ठेवला, कानात इअरफोन घालून अभंग लावले आणि त्या मागे वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या.

नवरा पाचला मेट्रोने घरी आला. मी लेकीला क्लासहून घेऊन साडेपाचला पोचले तोवर पोलीस येऊन बसले होते. फार सज्जन मुलगी होती ती पोलीस. लिहिता लिहिता तिने विचारलं, ‘सो ही हॅड टू?’

‘टू,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आय वॉज गिव्हिंग थर्ड.’

पोलीस हसली. मी हसले. लेक तर तोंडावर उशी धरून हसत होती. एकटा नवरा हसला नाही. तो उभाच होता, आणि आम्हा सगळ्यांसमोर तो सासूबाईंना म्हणाला, ‘आई, तुला इथलं काही म्हणजे काही कळत नाही. ह्यापुढे दाराला हात लावायचा नाहीस.’

मराठीतच म्हणाला, पण त्या आवाजाचं भाषांतर करायची गरज नव्हती. पोलीस मुलीने मान खाली घातली. अठरा वर्षांच्या संसारात मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. सासूबाईंनी पुण्यात पोस्टाच्या काउंटरवर बत्तीस वर्षं काढली आहेत. रांगेतल्या खवचट माणसाला त्या जागच्या जागी उत्तर द्यायच्या, असं त्यांच्या जुन्या मैत्रिणी सांगतात. मुलापुढून मात्र त्या उठल्या आणि देवापुढची समई सारखी करत बसल्या.

गाडी चार दिवसांनी एका पार्कच्या कडेला सापडली, एक ओरखडा नाही. मी म्हटलं, बघा, मोदकाला जागला. कोणी हसलं नाही.

सासूबाईंनी दाराला हात लावणं सोडलं ते सोडलंच. पार्सलवाला बेल वाजवून निघून जायचा. शेजारच्या केरळी बाई पायसम घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. एकदा मी किल्ली विसरून शिफ्टला गेले आणि आल्यावर दार वाजवत बसले. खिडकीचा पडदा हलला आणि आतून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘त्याला फोन कर. मला परवानगी नाही.’ मी म्हटलं, ‘आई, मी आहे हो.’ त्या म्हणाल्या, ‘दिसतेयस.’ शेवटी मी मागच्या फाटकावरून चढून आले. बेचाळिसाव्या वर्षी. माझी सलवार त्या फाटकाला अडकून फाटली.

विसर्जन झालं आणि दोन दिवसांनी जेवताना त्या म्हणाल्या, ‘दिवाळी पुण्यात करीन म्हणते. फ्लॅटचं कुलूप चार वर्षं निघालं नाही. आता तिथेच राहीन.’

नवरा म्हणाला, ‘तुला सुरक्षित वाटत नसेल तर मी काय बोलणार.’ आणि तिकीट काढलं. मला इतका राग आला की मी दोघांच्याही ताटात कढी न विचारता वाढली.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून रडले. उगाच मोठेपणा सांगत नाही, त्यात स्वार्थ होता. लेकीला बसस्टॉपवरून आणायचं कोणी, संध्याकाळची पोळी कोणी करायची, हे सगळं होतंच. पण त्याहून जास्त म्हणजे, मी घरी आले की सासूबाई रोज विचारतात, ‘आज किती पिशव्या गेल्या?’ रक्ताच्या. पोस्टात होत्या ना, त्यांना आवक-जावक लागते. मी आकडा सांगते, मग कोणाला गेल्या, का गेल्या, बाळंतीण वाचली का, हे सगळं त्या विचारून घेतात. नवऱ्याला माझं काम नेमकं काय हे अजून धड सांगता येत नाही. सासूबाई गेल्या असत्या तर माझा दिवस ऐकून घेणारं घरात कोणी उरलं नसतं.

मी नवऱ्याला सांगितलं, ‘जा आणि आईंना सॉरी म्हण.’

‘सॉरी म्हणून काय होणार आहे?’ तो म्हणाला. ‘ती घाबरलीय. तिच्या मनात भीती बसलीय. त्या भीतीवर काहीतरी ठोस केलं पाहिजे.’

ठोस म्हणजे आधी कॅमेरे लागले. पुढे एक, मागे एक, गॅरेजवर एक. मग दोन जादा कुलपं आली. आणि मग एका शनिवारी सकाळी पोहे खाताना त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ‘घरासाठी गोळी कुठली घ्यावी असं तुला वाटतं?’

मला वाटलं ॲसिडिटीची.

मग कळलं की गेला आठवडाभर हा अमेरिकेतल्या कोणा दाढीवाल्यांचे व्हिडिओ बघत होता. त्या दाढीवाल्यांचं आयुष्य म्हणजे रोज सकाळी उठायचं, जेलीच्या मोठ्या ठोकळ्यावर गोळ्या झाडायच्या आणि कुठली किती आत गेली ते पट्टीने मोजायचं. नवऱ्याला हे मानवलं. मोजमाप आलं की तो खूश असतो. पिस्तूल कुठलं, ते चालवायचं कोणी, ते इथे मिळतं का, ह्यातल्या एकाही प्रश्नाशी त्याला कर्तव्य नव्हतं. गोळीची मात्र तयारी जोरात.

आठ दिवसांत आमच्या घरात सगळ्यांना कळून चुकलं की गोळ्या मुख्य म्हणजे दोन प्रकारच्या. एक सगळीकडून तांब्याने मढवलेली, गोल नाकाची. ती स्वस्त, पण समोरच्या माणसातून आरपार जाते आणि पलीकडे जे असेल त्याला लागते. दुसरी नाकाला खळगा असलेली. ती आत गेली की फुलते आणि तिथेच थांबते. ‘घरासाठी ही दुसरी,’ नवरा म्हणायचा, ‘कारण पलीकडे आपलीच माणसं असतात.’ हे तो इतक्या काळजीने म्हणायचा की त्याला झापावं की त्याच्या पाठीवरून हात फिरवावा हे मला कळेना.

मग त्याने घराचा नकाशा काढला. आमच्या बेडरूमच्या दारात तो उभा, पुढच्या दारात चोर. मध्ये रेघ. नेम चुकला तर गोळी कुठे जाईल हे दाखवणाऱ्या आणखी चार रेघा. इथल्या भिंती म्हणजे नुसते जिप्रॉकचे, म्हणजे प्लास्टरचे पातळ तक्ते, बोटाने वाजवल्या तर ढोलकीचा आवाज येतो.

लेकीने मान वाकडी करून नकाशा बघितला. ‘बाबा, दॅट्स माय रूम.’

‘म्हणूनच तर,’ नवरा म्हणाला, ‘मी जड आणि हळू जाणारी गोळी बघतोय. वजन एकशे पंधरा ग्रेनच्या ऐवजी एकशे सत्तेचाळीस.’

‘ऑर,’ लेक म्हणाली, ‘यू कुड जस्ट नॉट शूट माय रूम.’

सासूबाई तिथेच टेबलाशी मटार सोलत असायच्या. तो फार रंगात आला की परात उचलून मागच्या अंगणात जायच्या. नवरा मला हळूच म्हणायचा, ‘बघ, अजून किती घाबरलीय.’

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. त्याने मला विचारलं, ‘तू हॉस्पिटलमध्ये आहेस, तू सांग, कुठल्या गोळीने जास्त रक्त जातं?’ इथे मी चेष्टा करत नाही. गोळी लागलेला माणूस आमच्याकडे क्वचित येतो, पण एकदा आला होता. बंदूक साफ करताना उडाली म्हणे. त्या दिवशी आम्ही पेटी भरभरून रक्त वर पाठवत होतो, रिकामी पेटी परत येत होती, आम्ही पुन्हा भरत होतो. मग एकदा पेटी परत आलीच नाही आणि आम्हाला समजलं की आता नको आहे. मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, ‘गोळी तू निवड. पिशव्या मी भरते. पण त्या कोणासाठी भरतेय हे तेव्हा मला माहीत नसतं, एवढं लक्षात ठेव.’

त्याने एक दिवस व्हिडिओ बंद ठेवले. दुसऱ्या दिवशी परत दाढीवाले सुरू.

शेवटी लेकीनेच त्याला सांगितलं की ऑस्ट्रेलियात असं कोणी उठून घरासाठी पिस्तूल घेऊ शकत नाही, शाळेतल्या पोरांनासुद्धा माहीत आहे. नवऱ्याला ते पटलं नाही. ‘प्रत्येक नियमाला काहीतरी प्रोसिजर असते,’ तो म्हणाला. ‘क्लबमध्ये जाऊन चौकशी करू.’ शहराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे घरं संपून गमची, म्हणजे निलगिरीची झाडं सुरू होतात, तिथे एक पिस्तूल क्लब होता. रविवारी नवीन लोकांना माहिती द्यायचे. सुट्टीच्या दिवशी तरी सासूबाईंना एकटं घरी ठेवायचं नाही असं ह्याने ठरवलेलंच होतं, म्हणून त्यांनाही गाडीत घातलं. त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. दशम्यांचा डबा घेऊन गोळीबार बघायला जाणारं आमच्यासारखं दुसरं कुटुंब त्या क्लबने पाहिलं नसेल.

क्लब म्हणजे एक लांब पत्र्याची शेड, पुढे मातीचा बांध आणि बांधापुढे कागदी लक्ष्यं. फाटकातच सगळ्यांना कानांवर लावायला मोठे मफ दिले. सासूबाईंनी ते लावले, दोन मिनिटं तशाच बसल्या, मग काढून मला म्हणाल्या, ‘छान आहेत ग. हे घरी हवे होते गेला महिनाभर.’ किती दिवसांनी त्या काहीतरी खवचट बोलल्या होत्या. मला एकदम बरं वाटलं.

माहिती देणारी बाई सत्तरीची. डोक्यावर कापडी हॅट, गळ्यात दोरीला चष्मा. आधी शाळेत गणित शिकवायची म्हणे, आणि ते दिसतच होतं. तिने आम्हा चौघांना लाकडी टेबलाशी बसवलं, चहा दिला, आणि नवऱ्यापुढे चौकशीचा एक फॉर्म सरकवला. नाव, पत्ता, तारीख, आणि खाली एकच प्रश्न. तुम्हाला नेमबाजी का शिकायची आहे? उत्तराला दोन ओळी जागा.

आता, आपल्याकडे फॉर्म भरायची एक रीत आहे. साहेबाला सगळी परिस्थिती समजली पाहिजे, म्हणून कारण सविस्तर द्यायचं. शाळेच्या रजेच्या अर्जापासून आपण ‘वरील विषयास अनुसरून’ असं लिहीत आलो आहोत. इथला माणूस तिथे ‘मजा म्हणून’ असं लिहून मोकळा झाला असता. नवऱ्याने दोन्ही ओळी भरल्या, मग समास भरला, मग ‘पान उलटा’ असं लिहून मागेही लिहिलं. बाई शांतपणे चहा पीत होती.

तिने फॉर्म घेतला, चष्मा लावला, पुढचं वाचलं, मागचं वाचलं आणि चष्मा काढला.

‘मेट,’ ती म्हणाली, ‘हे इथे कारण होत नाही. स्वसंरक्षण, घराचं संरक्षण, ह्यासाठी ह्या देशात पिस्तूल मिळत नाही. असं मनात असेल तर मी तुला ह्या बांधाजवळही उभं करणार नाही.’

नवऱ्याचा चेहरा पडला. तरी हा गडी विचारतो, ‘मी सगळा अभ्यास केलाय. समजा एखाद्याकडे पिस्तूल असलं, तर घरासाठी तुम्ही गोळी कुठली सुचवाल?’

‘घरासाठी?’ बाई म्हणाली. ‘घरासाठी मी कुत्रा सुचवीन.’

लेकीच्या नाकातून चहा आला.

बाईला त्याची थोडी कीव आली असावी. तिने त्याला समजावून सांगितलं. पिस्तूल तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या कुलपात, दोन्ही वेगवेगळ्या. चोर आला तर आधी त्याला म्हणावं लागेल, बस जरा, मी दोन किल्ल्या शोधून आणतो. मग तिने पलीकडच्या बाकावरच्या एका सभासदाला विचारून त्याची एक गोळी आणून दाखवली, स्वतःच्या तळहातावर धरून. तिचं टोक पुढून सपाट होतं, पेन्सिलीच्या मागच्या रबरासारखं. ‘आमच्याकडची उत्तम गोळी ही,’ ती म्हणाली. ‘हळू जाते, आणि कागदाला नीट गोल भोक पाडते. म्हणजे गुण मोजायला सोपं जातं. आम्हाला गोळीकडून एवढंच हवं असतं.’ नवरा त्या सपाट गोळीकडे बघत राहिला. एवढे व्हिडिओ बघितले, पण कागदासाठी गोळी असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बाईने फॉर्म परत दिला. तो टेबलावरून सरकत नेमका सासूबाईंच्या पुढ्यात थांबला. आणि बत्तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईच्या पुढे फॉर्म आला की ती काय करणार? सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला, फॉर्म सरळ केला आणि वरपासून खालपर्यंत वाचायला लागल्या.

मी त्यांच्या शेजारी होते, म्हणून मीही वाचलं. इंग्रजीत होतं, पण अर्थ असा. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती दिवसभर घरी एकटी असते. तिला ह्या देशातली परिस्थिती समजत नाही. ती कोणालाही दार उघडते. त्यामुळे तिच्या आणि घराच्या रक्षणाची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर आहे.

मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. नवऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने हात पुढे केला, पण सासूबाईंनी फॉर्म सोडला नाही. मागची बाजूही वाचली. तारीख राहिली होती, त्या जागेवर बोट ठेवलं, सवयीने.

‘त्या दिवशी पोलिसांसमोर तोंडी म्हणाला होतास,’ त्या म्हणाल्या. ‘आता लेखी दिलंस.’

‘आई, तसं नाही ग. तू घाबरलीयस म्हणून मी—’

‘मला त्या माणसाची भीती नाही वाटली रे. तो बसला, खाल्लं, थँक यू म्हणाला आणि गेला. चोर होता, पण माझ्याशी नीट बोलला.’ त्यांचा आवाज जरा हलला, मग त्यांनी तो सरळ केला. ‘आता बेल वाजली की माझ्या छातीत धडधडतं. चोर असेल म्हणून नाही. मी उघडलं तर तू काय म्हणशील म्हणून. शेजारीण बिचारी भांडं घेऊन उभी होती, मी पडद्यामागे लपून बसले. ह्या वयात. माझ्या मुलाच्या घरात.’

क्लबची बाई उठली. भाषा समजली नसली तरी बाकी सगळं समजलं असणार. आपला कप उचलून ती लेकीला म्हणाली, ‘चल, तुला लक्ष्यं दाखवते,’ आणि तिला घेऊन गेली.

मला वाटलं नवरा आता वाद घालेल, नियम सांगेल, कॅमेऱ्यांचं काढेल. पण तो फॉर्मकडे बघत बसला होता. मग बोलायला लागला, आणि आधी मला कळेचना की तो कशाबद्दल बोलतोय.

‘मी आलो तेव्हा दार सताड उघडं होतं,’ तो म्हणाला. ‘गाडी नव्हती. मी तुला हाक मारली. तीनदा मारली. तू ओ दिली नाहीस. ओट्यावर करंज्यांचा डबा अर्धवट भरलेला, झाकण खाली पडलेलं. मी एकेक खोली बघत गेलो. तुझी खोली बघितली, पलंगाच्या पलीकडे वाकून बघितलं. फक्त बाथरूम राहिलं होतं. ते दार उघडायला माझा हात होईना. मी तिथे उभा होतो, आई. किती वेळ, मला माहीत नाही. मला वाटलं, तू आत—’

माझा हा सहा फुटी नवरा दोन्ही हात टेबलावर ठेवून लहान पोरासारखा रडत होता. मला हे माहीत नव्हतं. मी साडेपाचला पोचले होते, तोवर पोलीस आले होते, सासूबाई सोफ्यावर होत्या, आणि मी मोदकांवरून हसत होते.

सासूबाई त्याच्याकडे वळल्या. ‘मी मागे कपडे काढत होते रे,’ त्या म्हणाल्या. ‘कानात अभंग होते.’

‘माहीत आहे. खिडकीतून दिसलीस तेव्हा इतका राग आला मला. जिवंत होतीस म्हणून राग आला.’

‘अरे, मग तेव्हाच हे सांगायचंस ना,’ त्या म्हणाल्या. ‘मला सहा आठवडे वाटतंय की तुला गाडी गेल्याचं वाईट वाटलं.’

त्याने मान हलवली. बाहीला नाक पुसलं. शेडमध्ये कोणीतरी एक गोळी झाडली आणि आम्ही तिघंही दचकलो, कारण मफ टेबलावरच पडले होते. मग तो खाली बघून, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, ‘जाऊ नकोस, आई.’

एवढ्या दिवसांत तो तिकिटाबद्दल बोलला होता, सुरक्षिततेबद्दल बोलला होता, गोळीच्या नाकातल्या खळग्याबद्दल तासन्‌तास बोलला होता. हे एकदाही म्हणाला नव्हता.

‘मग नाही जात,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पूस डोळे. लोक बघतायत.’